विदूषकाचे भय

गेल्या गणेशोत्सवाच्या आधी आमच्या ओसरीवर घरातली आणि शेजारची तरुण मंडळी जमली होती. ठरवायचे होते उत्सवातल्या नाटकाचे. परंतु पुण्याहून आणि बंगळूरहून सुट्टीवर आलेल्या मुलांनी नाटकाऐवजी एक छोटा चित्रपट करण्याचा घाट घातला. कॅमेरा म्हणजे हातातला फोन. कथानक त्यांनीच रचलेले. पावसाळ्यात गावाबाहेर एक सर्कस अडकून पडते. तंबूवर वीज कोसळून सारे जोकर मरतात. पण आपण मेलो आहोत हे त्यांना कोणी सांगतच नाही. म्हणून रोज तिन्हीसांजेला ते तोंडाला पांढरा रंग फासून खेळासाठी उभे राहतात, आणि जो प्रेक्षक त्यांना हसेल तो दुसऱ्या दिवशी त्यांच्यातलाच एक होऊन जातो.

“आजोबा, खरी मजा तीच आहे. हसायचं नाही हे माहीत असतं, तरी हसू येतंच,” असे एक जण रंगात येऊन सांगू लागला. तेव्हा बैठकीतले एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, “हे आपलं नव्हे. विदूषक हा हसवण्यासाठी असतो. त्याचं भूत करणं हे साहेबाच्या देशातलं खूळ.” आम्हीही मान डोलावली. मुले गप्प झाली, बैठक मोडली. चित्रपट झाला नाही आणि त्या वर्षी नाटकही झाले नाही.

ती मान आम्ही उगीच डोलावली, असे पुढे आम्हांस वाटू लागले. ‘हे आपले नव्हे’ हा निवाडा देताना आपले काय आहे हे आम्ही तरी कुठे पाहिले होते? ते पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

ज्येष्ठांच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. भयंकर विदूषकाचे जे रूप आज पडद्यावर दिसते, ते बरेचसे अमेरिकेतून आलेले आहे. मुलांच्या समारंभांत विदूषकाचा वेष करून जाणारा एक इसम १९७८ साली तेथे अनेक खुनांच्या आरोपाखाली पकडला गेला आणि तो देश हादरला. १९८६ साली स्टीफन किंग यांची ‘इट’ ही कादंबरी आली. तिच्यातले पुरातन अमंगळ विदूषकाचे रूप घेऊन मुलांना गाठते. १९८८ साली तर परग्रहावरून आलेल्या खुनी विदूषकांवर तेथे एक विनोदी भयपटही निघाला. आपल्याकडचा पांढऱ्या तोंडाचा जोकरही मूळचा परदेशीच. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली. इंग्रजी धर्तीच्या अशा सर्कशींतूनच तो आपल्या गावोगावी पोहोचला. एवढे मान्य करूनही प्रश्न उरतोच. वेष बाहेरून आला हे खरे; पण हास्य आणि भय यांना एका अंगणात नांदवण्याची कल्पनाही बाहेरचीच काय?

नाट्यशास्त्राकडे वळावे तर तेथे एक चमत्कारिक गोष्ट आढळते. भरताने प्रत्येक रसाला एक वर्ण आणि एक देवता दिली आहे. शृंगाराची देवता विष्णू, वीराची महेंद्र, भयानकाची काल. हास्याची देवता कोण? एखादा प्रसन्नमुख देव असेल असे वाटते. पण भरताने तेथे प्रमथांची योजना केली आहे. प्रमथ म्हणजे शिवाचे गण, स्मशानात वावरणाऱ्या शंकराच्या मागे नाचणारी वेड्यावाकड्या तोंडांची फौज. हास्याचा वर्ण पांढरा आणि भयानकाचा काळा. विदूषकाच्या रूपाचे वर्णनही वाचण्यासारखे आहे : ठेंगणा, दात पुढे आलेले, पाठीला कुबड, तोंड विकृत, डोक्याला टक्कल, डोळे पिंगट. असे ध्यान दिव्याच्या उजेडात रंगभूमीवर आले तर हसू येईल. पण अंधाऱ्या बोळात समोर उभे राहिले तर?

उत्तरकालीन शास्त्रकारांना हे सख्य फारसे रुचले नाही. विश्वनाथाने साहित्यदर्पणात हास्याला भयानकाचे व करुणाचे वैर असल्याचे सांगितले आहे. शास्त्र म्हणून ते बरोबरच असेल. एक रस रंगात असता दुसरा घुसला तर दोन्हीही बिघडतात, हा अनुभव हौशी नाटकमंडळींनी वेळोवेळी घेतलेला आहे. परंतु शास्त्रातले वैर नाटककारांनी नेहमीच जुमानले असे दिसत नाही, आणि त्याचे सर्वांत धीट उदाहरण आपल्या माळव्यातच घडते.

देवासहून जवळच असलेल्या उज्जयिनीत शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ घडते. गोविंद बल्लाळ देवलांनी ते मराठीत आणल्यामुळे आपल्या घरांत त्यातली पात्रे परकी नाहीत. या नाटकात हसवणारे दोघे आहेत. एक चारुदत्ताचा मित्र मैत्रेय, म्हणजे विदूषक. दुसरा राजाचा मेहुणा शकार. शकाराच्या तोंडी रामायण आणि महाभारत यांची अशी काही खिचडी होते की सीता कोणाची आणि द्रौपदी कोणाची याचा त्यालाच पत्ता नसतो. प्रेक्षक त्याला पोट धरून हसतात. तोच शकार आठव्या अंकात, जीर्णोद्यानात, वसंतसेनेचा गळा दाबतो. आधी तो विटाला सांगतो, मग चाकराला सांगतो; दोघेही हे पाप करायला नकार देतात. तेव्हा तो ते स्वतः करतो, आणि पुढे न्यायसभेत जाऊन आळ चारुदत्तावर घालतो. क्षणापूर्वी ज्याला आपण हसत होतो त्याच्याच हातून हे घडते. आपले हसू तोंडातच राहते, आणि मग त्या हसण्याचीच भीती वाटू लागते.

शूद्रक एवढ्यावर थांबत नाही. न्यायसभेत मैत्रेय येतो, शकाराशी त्याची झटापट होते आणि मैत्रेयाच्या काखेत दडवलेले वसंतसेनेचे दागिने भर सभेत खाली पडतात. विदूषकाच्या काखेतून काहीतरी घसरून पडणे हा हमखास हशाचा प्रसंग. पण येथे त्या दागिन्यांमुळेच चारुदत्त वधस्तंभाकडे नेला जातो. वसंतसेना जिवंत असल्यामुळे शेवट गोड होतो खरा; तरी एवढा काळा विनोद आजच्या पडद्यावरही क्वचितच सापडेल. इतक्या जुन्या काळी हे उज्जयिनीच्या कथेत बसले, मग ‘हे आपले नव्हे’ कसे म्हणावे?

आता धारकडे येऊ. कमाल मौला मशीद व भोजशाळा या दोन्ही नावांनी ओळखल्या जाणाऱ्या वास्तूत १९०३ साली एका मोठ्या शिळेवर कोरलेले नाटक उजेडात आले. धार संस्थानचे शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांचे नाव या शोधाशी जोडलेले आहे, आणि हुल्ट्श या जर्मन पंडिताने त्याचे संपादन केले. नाटकाचे नाव ‘पारिजातमंजरी’, कर्ता राजगुरू मदन, नायक तेराव्या शतकाच्या आरंभीचा परमार राजा अर्जुनवर्मा. चारांपैकी पहिले दोनच अंक हाती आले. त्या दोन अंकांत राजाबरोबर विदग्ध नावाचा विदूषक आहे. परमारांच्या विजयांचे शिलालेख पुष्कळ आहेत. पण ज्या दगडावर राजाची कीर्ती कोरायची, त्याच दगडावर त्याच्या विदूषकालाही अक्षरे मिळावीत, ही गोष्ट आम्हांस मोठी वाटते.

शकार आणि विदग्ध यांना शेजारी ठेवले म्हणजे एक भेद स्पष्ट होतो. विदूषकाला जोडीदार असतो. तो राजाला बोलतो आणि राजा त्याला उत्तर देतो. त्याने मर्यादा सोडली तर त्याला आवरणारे कोणीतरी शेजारीच उभे असते. संस्कृत नाटकात विदूषक ब्राह्मण असूनही प्राकृतात बोलतो, म्हणजे दरबारात उभा राहून घरची भाषा बोलतो. त्यामुळे त्याचे बोलणे जिव्हाळ्याचे लागते. शकाराला जोडीदार नाही. त्याच्या पाठीशी फक्त सत्ता आहे. विट आणि चाकर नाही म्हणू शकतात, पण त्याला थांबवू शकत नाहीत. विनोद भयंकर होतो तो असा. हसवणाऱ्याला जाब विचारणारे कोणी उरले नाही की त्याच्या हसवण्याचा काळा रंग दिसू लागतो.

आपले पूर्वज पवारांबरोबर, किंवा त्यांच्या मागून, ज्या मुलखातून येथे आले, तेथेही हेच दिसते. कोकणातल्या दशावतारात मूळ आख्यानाच्या आधी संकासुर येतो. वेद चोरणारा हा दैत्य अंगावर काळी वस्त्रे आणि तोंडावर काळा बुरखा घेऊन येतो. शिमग्याच्या खेळातही तो असतो, आणि त्याला पाहून लहान मुले आईच्या पदराआड दडतात. परंतु दशावतारात तोंड उघडले की हाच संकासुर अस्सल मालवणीत अशा कोपरखळ्या मारतो की मघाशी दडलेले पोर पदराआडून डोकावून हसू लागते. भयानकाचा काळा वर्ण आणि हास्याची जीभ एकाच देहात. येथेही त्याला एकटे सोडलेले नाही. तो बोलतो ते समोरच्यांशी. सवाल-जबाब होतात आणि शेवटी विष्णू येऊन त्याचा वध करतो. माळव्याच्या माचात विदूषकाला शेरमारखाँ म्हणतात. नाव वाघसिंहांना लोळवणाऱ्याचे आणि काम लोकांना हसवण्याचे. भीतीची टिंगल त्याच्या नावातच आहे.

सांगलीला १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. त्यांच्या खेळांत आरंभी सूत्रधार आणि विदूषक यांचा संवाद होई, आणि पुढे राक्षस पेटत्या राळेच्या भपक्यात आरडाओरडा करीत प्रवेश करीत. पहिल्या प्रेक्षकांची त्या आरोळ्यांनी गाळण उडाली असेल. पण पुढच्या पिढीने त्याच आरोळीवरून त्या साऱ्या नाटकांना ‘अललडुर्र’ असे थट्टेचे नाव दिले. आजोबा ज्याला घाबरले त्याला नातू हसला. आज आमच्या ओसरीवर उलटे घडत आहे. आजोबा ज्या जोकराला हसले त्याला नातू घाबरतो आहे. दोन्हींत वाईट वाटण्यासारखे काही नाही. प्रत्येक पिढीने आपले भय आणि आपले हसू नव्याने वाटून घ्यायचे असते.

आतापर्यंत माणसांविषयी बोललो. आता बाहुल्यांविषयी, कारण मराठीतला सर्वांत गाजलेला विनोदी भयपट बाहुल्याचाच आहे, आणि बाहुल्यांचा जुना धागा पुन्हा धारपर्यंतच येतो.

भोजराजाच्या नावावर असलेला ‘समरांगणसूत्रधार’ हा वास्तुविषयक ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेत गणपतिशास्त्री यांनी १९२४-२५ साली प्रसिद्ध केला. त्याच्या एकतिसाव्या अध्यायात यंत्रांचे वर्णन आहे. लाकडाची स्त्री-पुरुषे करावीत, त्यांनी नाचावे, वाद्ये वाजवावीत, दिव्यात तेल घालावे. पाहणाऱ्यांनी थक्क व्हावे. त्याच अध्यायात, तशाच लाकडी पुतळ्यांच्या हाती शस्त्रे देऊन त्यांना दाराशी उभे करण्याचाही विचार आहे. रात्री आत शिरणाऱ्या चोराला त्यांनी ठार करावे. करमणुकीचा बाहुला आणि जीव घेणारा बाहुला एकाच ग्रंथात, एकाच अध्यायात शेजारी बसले आहेत. आणि यंत्रे नेमकी कशी घडवावीत हे मात्र ग्रंथकाराने झाकून ठेवले आहे. अज्ञानामुळे नव्हे, गुप्ततेसाठी, असे तो सांगतो. दोरी कोणाच्या हातात आहे ते प्रेक्षकाला दिसू नये, हे बाहुलीवाल्याचे मर्म त्यालाही ठाऊक असावे.

भाव्यांनीही लाकडी बाहुल्या घडवल्या होत्या. त्या पुढे रामदास पाध्ये यांच्याकडे आल्या आणि त्यांनी त्यांना पुन्हा उभे केले. पाध्ये यांचे वडील यशवंत केशव पाध्ये हे आपल्याकडील शब्दभ्रमकलेचे आद्य पुरुष. त्यांनी १९१६ साली अर्धवटराव जन्माला घातला. अर्धवटराव आगाऊ आहे, वडीलधाऱ्यांना टाकून बोलतो. पण त्याची कोणाला भीती वाटत नाही. त्याला मांडीवर घेऊन बसलेला माणूस आपल्याला दिसत असतो. बाहुला बोलतो आणि पाध्ये त्याला दटावतात. राजा आणि विदूषक, सूत्रधार आणि विदूषक, तशीच ही जोडी.

१९९३ साली महेश कोठारे यांनी ‘झपाटलेला’ हा चित्रपट काढला. १९८८ सालच्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकन चित्रपटाची कल्पना त्यामागे होती, हे उघडच आहे. तात्या विंचू हा गुंड मरता मरता मंत्राच्या जोरावर आपला जीव एका बाहुल्यात घालतो, आणि तो बाहुला येऊन पडतो लक्ष्याच्या घरी. दिलीप प्रभावळकरांनी तात्या विंचू रंगवला, लक्ष्या झाले लक्ष्मीकांत बेर्डे, आणि बाहुला घडवला रामदास पाध्ये यांनी. ज्या घराण्याने अर्धवटरावाला बोलते केले आणि ज्या हातांनी भाव्यांच्या बाहुल्या सांभाळल्या, त्याच हातांनी महाराष्ट्रातल्या मुलांची झोप उडवणारा बाहुलाही घडवला. हा चित्रपट ‘खिलौना बना खलनायक’ या नावाने हिंदीतही आला. सन २०१३ मध्ये त्याचा दुसरा भाग त्रिमितीत निघाला.

अमेरिकेच्या कथेत जे नव्हते ते मराठीने तिच्यात घातले. येथे बाहुला एखाद्या लहान मुलाकडे जात नाही. लक्ष्या स्वतःच शब्दभ्रमकार आहे. बाहुल्याला बोलवणे हाच ज्याचा धंदा, त्याने बाहुला आपण होऊन बोलतो असे गावभर सांगितले तर विश्वास कोण ठेवणार? तो खरे सांगतो आणि लोकांना तो विनोद वाटतो. बेर्ड्यांनी ही केविलवाणी अवस्था अशी उभी केली की आपण हसतो आणि हसताना त्याच्यासाठी घाबरतोही. १६ डिसेंबर २००४ रोजी बेर्डे गेले. पण हसत-घाबरत पाहिलेला तो लक्ष्या एका पिढीच्या आठवणीत पक्का बसलेला आहे. तात्या विंचू भयंकर का वाटतो, याचे उत्तर आम्हांस येथे सापडते. त्याच्या डोळ्यांत किंवा सुऱ्यात ते नाही. बाहुला बोलतो आहे आणि त्याला मांडीवर घेऊन बसलेला माणूस नाही, यात ते आहे. अर्धवटराव आणि तात्या विंचू यांच्यात अंतर आहे ते एवढेच, जेवढे विदग्ध आणि शकार यांच्यात.

मुलांच्या चित्रपटातले जोकर याच ओळीत उभे आहेत. आपण मेलो हे त्यांना कोणी सांगितले नाही, कारण त्यांना उत्तर देणारा कोणी उरलेला नाही. सूत्रधार नसलेला खेळ ते रोज करतात. हे कथानक सुचायला मुलांनी अमेरिकेचे चित्रपट पाहिले असतील. परंतु त्यातली खरी भीती आपल्या परंपरेला पुरती ओळखीची आहे. प्रमथांचा देव स्मशानात राहतो हे आपल्याला ठाऊक आहे, आणि त्याच देवाच्या गणांच्या नायकाला आपण दरवर्षी वाजतगाजत घरी आणून मोदक खाऊ घालतो. गणपती हा गणांचा पती, याचा आम्हांला त्या बैठकीत विसर पडला होता.

आणि आता जे बोलायचे ते मुलांविषयी नाही, आमच्याविषयी आहे. धार-देवासच्या जुन्या मराठी घरांत आज काय उरले आहे याचा हिशेब आपण सारेच मनात करीत असतो. वाडे विकले गेले, पोथ्या माळ्यावर गेल्या, नातवंडे बाहेर हिंदीत आणि घरी अर्ध्या मराठीत बोलतात. कीर्तनाची आणि संगीत नाटकाची मराठी आपण त्यांना ऐकवत राहिलो, आणि ती त्यांनी आदराने ऐकून सोडून दिली. त्यांतल्या पुष्कळांना आपण होऊन आवडलेले पहिले मराठी पात्र एक दुष्ट बाहुला होता, हे मान्य करायला आम्हांस संकोच वाटत असे. तो आता वाटत नाही. त्या रात्री मुलांनी आपली कथा सांगितली ती मोडक्यातोडक्या का होईना, मराठीत सांगितली, आणि तिच्यातल्या भुतांना विनोदही मराठीतच सुचत होते. आम्ही त्यांना उत्तर दिले नाही. फक्त निवाडा दिला. विदूषकाला जोडीदार लागतो असे आज येथे लिहीत आहोत, आणि तेव्हा समोर जोडीदाराची जागा रिकामी होती ती आमचीच.

यंदा मंडळाच्या बैठकीत आम्ही तो विषय आपण होऊन काढणार आहोत. आमची सूचना एकच राहील. मुलांच्या कथेत मेलेल्या जोकरांसमोर एक म्हातारा सूत्रधार आणावा. तो त्यांना रोज विचारील की खेळ कोणासाठी चालला आहे, आणि ते त्याला आपल्या परीने उत्तर देतील. मग हसणाऱ्या प्रेक्षकाचे काय होते ते मुलांनीच ठरवावे. त्या सूत्रधाराची भूमिका करायला कोणी मिळाले नाही, तर आम्ही तयार आहोत. तोंडाला रंग लावण्याची वेळ आली तर तो पांढराच लावू. भरताने हास्याला तोच नेमून दिला आहे.